लिलावातील जुनी गाडी : बोली लावण्यापूर्वी करावयाची तपासणी

कल्याण तालुक्यातील टिटवाळा, मांडा, खडवली, फळेगाव, रुंदे या पट्ट्यात भाताची कापणी उरकली की काकडी, भेंडी, गवार, वाल व पालेभाज्यांचा हंगाम सुरू होतो. शेजारच्या मुरबाड व शहापूर तालुक्यांतील भेंडी तर परदेशी बाजारपेठेतही जाते. भाजीपाला पिकात उत्पादनाइतकेच महत्त्व तोडणीनंतर माल किती तासांत बाजारात पोहोचतो याला आहे. पहाटे तोडलेली भेंडी भाड्याच्या टेम्पोची वाट पाहात दुपारपर्यंत बांधावर राहिली तर तिचा तजेला जातो आणि दरही जातो. त्यामुळे स्वतःची लहानशी मालवाहू गाडी असावी असे अनेक शेतकऱ्यांना वाटते. नवी गाडी परवडत नाही, म्हणून बँका व वित्तीय संस्थांनी जप्त केलेल्या गाड्यांच्या लिलावाकडे लक्ष जाते. प्रशिक्षण वर्गात पीक संरक्षणाचे प्रश्न संपले की, "सर, पेपरात गाड्यांच्या लिलावाची नोटीस आली आहे, घ्यावी का?" हा प्रश्न हमखास येतो. त्याचे उत्तर विस्ताराने देण्याचा प्रयत्न प्रस्तुत लेखात केला आहे. पिकअप व टेम्पो डोळ्यांसमोर ठेवून माहिती दिली असली तरी घरच्या वापराच्या मोटारीलाही बहुतेक मुद्दे लागू पडतात.

बैल विकत घेताना आपण दात पाहतो, खूर पाहतो, खांद्यावर सूज आहे का ते पाहतो आणि शेवटी जुवाला जुंपून चार पावले चालवतो. लिलावातील गाडीच्या बाबतीत शेवटची गोष्ट बहुधा करता येत नाही. पाहणीच्या दिवशी गाडी यार्डात उभी असते. इंजिन सुरू करून पाहण्याची परवानगी मिळते, परंतु रस्त्यावर चालवू देत नाहीत. विक्री 'जेथे आहे तेथे, जशी आहे तशी' या अटीवर होते. बोली मान्य झाल्यावर गिअरबॉक्स खराब निघाला किंवा कागद अडकले तरी सहसा कोणी जबाबदारी घेत नाही. म्हणून जे काही पाहावयाचे ते बोलीपूर्वीच पाहिले पाहिजे.

लिलाव कोणाचा आहे?

नोटीस हाती आल्यावर गाडीच्या फोटोकडे पाहण्यापूर्वी विकणारा कोण आहे ते वाचावे. बँक किंवा वित्तीय संस्था थकबाकीदाराची गाडी विकत असेल तर अशा गाड्या साधारणपणे चालत्या अवस्थेतून उचललेल्या असतात. मात्र शेवटचे सहा-आठ महिने हप्ते थकलेल्या मालकाने ऑइल बदलले असेल, ब्रेक पाहिले असतील अशी अपेक्षा ठेवू नये. ज्याला हप्त्याला पैसे नाहीत त्याला सर्व्हिसिंगलाही नसतात.

दुसरा प्रकार विमा कंपन्यांच्या गाड्यांचा. दुरुस्तीचा खर्च गाडीच्या विमा-मूल्याच्या ७५ टक्क्यांपेक्षा अधिक होत असेल तर ती गाडी पूर्ण नुकसानीत धरली जाते व मालकाला भरपाई देऊन सांगाडा लिलावात काढला जातो. अशी गाडी अपघातातली किंवा पुरातली असते. भंगारातून सुटे भाग विकणाऱ्यांसाठी ती ठीक आहे. शेतकऱ्याने तिच्या वाटेला जाऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

तिसरा प्रकार शासकीय कार्यालये व पोलीस ठाण्यांचा. एकेकाळी जिल्हा परिषद, वन खाते वा विद्यापीठांच्या जुन्या जीपगाड्या लिलावात घेऊन शेतकऱ्यांनी वर्षानुवर्षे वापरल्या. ती वाट आता बंद झाली आहे. १ एप्रिल २०२३ पासून १५ वर्षे पूर्ण झालेल्या शासकीय वाहनांच्या नोंदणीचे नूतनीकरण होत नाही व ती नोंदणीकृत मोडणी केंद्रातच द्यावी लागतात. पोलिसांकडील बेवारस वाहनांच्या जाहिरातीत 'भंगार म्हणून विक्री' असे शब्द असतील तर ती गाडी रस्त्यावर आणता येणार नाही हे समजून घ्यावे. शासनाने भरविलेल्या जाहीर लिलावात चालू नोंदणीची गाडी मिळाली तर ताबा घेतल्यापासून ३० दिवसांत नमुना ३२ मध्ये परिवहन कार्यालयाकडे अर्ज करावा लागतो.

जप्तीच्या गाडीबद्दल आणखी एक शंका शेतकरी विचारतात. "दुसऱ्याच्या तळतळाटाची गाडी घरात का आणावी?" ही भावना चुकीची आहे असे मी म्हणणार नाही, कारण थकबाकीदार हाही अनेकदा आपल्यासारखाच शेतकरी किंवा टेम्पोचालक असतो. परंतु व्यवहाराच्या अंगाने पाहिले तर जप्ती रीतसर झाली होती का हा प्रश्न घेणाऱ्याच्याही हिताचा आहे. गुंडांकरवी बळजबरीने गाडी ओढून नेण्याच्या प्रकाराबद्दल सर्वोच्च न्यायालयाने २००७ मध्ये कडक शब्दांत नापसंती व्यक्त केली होती. मालक न्यायालयात गेला तर नवीन खरेदीदाराचे हस्तांतरण अडकून पडू शकते. म्हणून कर्जदाराला दिलेली मागणी नोटीस, ताब्याची कागदपत्रे व पोलीस ठाण्याला दिलेली सूचना यांच्या प्रती पाहावयास मागाव्यात. रीतसर काम करणारी संस्था त्या दाखविते. टाळाटाळ होत असेल तर तो लिलाव सोडून द्यावा, दुसरा लिलाव लांब नसतो.

गाडीचा सातबारा

जमीन घेताना आपण सातबारा काढतो, इतर हक्कात कोणाचा बोजा आहे ते पाहतो. गाडीचे नोंदणी प्रमाणपत्र, ज्याला सर्वजण आरसी म्हणतात, ते गाडीचा सातबाराच समजावे. केंद्र शासनाच्या परिवहन संकेतस्थळावर किंवा एमपरिवहन ॲपवर गाडीचा क्रमांक टाकला की नोंदणीची तारीख, वाहनाचा वर्ग, इंधन, योग्यता प्रमाणपत्राची मुदत, विमा, कराची मुदत आणि कर्ज कोणत्या संस्थेचे आहे हे दिसते. लिलाव करणारी संस्था व नोंदीतील कर्जबोजा असणारी संस्था एकच आहे याची खात्री करावी. नोंदीत बोजा दुसऱ्याच संस्थेचा निघाला तर तेथेच थांबावे.

यानंतर चासी क्रमांक व इंजिन क्रमांक प्रत्यक्ष गाडीवर जाऊन वाचावेत. चासी क्रमांक १७ अंक-अक्षरांचा असतो. तो धुळीने माखलेला असतो, तेव्हा ओले फडके व विजेरी बरोबर न्यावी. अक्षरांच्या ओळीत एखादे अक्षर वर-खाली, खोल-उथळ दिसत असेल, आजूबाजूला कानशीने घासल्याच्या खुणा किंवा नवा रंग असेल तर गाडी चोरीची किंवा दोन गाड्या जोडून बनविलेली असण्याचा संशय घ्यावा. चोरीच्या वाहनांची नोंद राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या 'वाहन समन्वय' या सेवेवर पाहता येते. वाहतूक पोलिसांचे थकलेले ई-चलन किती आहे तेही गाडीच्या क्रमांकावरून ऑनलाइन कळते. बाजार समितीच्या फेऱ्या करणाऱ्या टेम्पोवर काही हजारांची चलने साठलेली असणे ही नवलाची गोष्ट नाही. ती कोणी भरावयाची हे लिलावाच्या अटींत वाचावे. बहुतेक ठिकाणी ती घेणाऱ्याच्याच गळ्यात पडतात.

मालवाहू गाडीचे योग्यता प्रमाणपत्र सुरुवातीची ८ वर्षे दर २ वर्षांनी व त्यानंतर दरवर्षी घ्यावे लागते. यार्डात उभ्या असलेल्या गाडीचे प्रमाणपत्र बहुधा संपलेले असते. ते नव्याने मिळण्यासाठी दिवे, ब्रेक, रिफ्लेक्टर पट्ट्या, धूर सर्व काही ठीक करावे लागते, तो खर्च हिशेबात धरावा. एकूण वजन ३,००० किलोपर्यंत असणाऱ्या मालवाहू वाहनास परवाना म्हणजे परमिट लागत नाही. चालविण्याच्या लायसन्सबाबतचा गोंधळही आता मिटला आहे. हलक्या मोटार वाहनाचे लायसन्स असलेल्या व्यक्तीस ७,५०० किलोपर्यंतचे मालवाहू वाहन चालविता येते, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने नोव्हेंबर २०२४ मध्ये दिला. मात्र पांढऱ्या पाटीची खाजगी मोटार घेऊन तिच्यातून दररोज भाजीची पोती नेणे नियमात बसत नाही, म्हणून वापर कोणता हे ठरवूनच वाहनाचा वर्ग निवडावा.

पुराच्या पाण्यातली गाडी कशी ओळखावी?

या विषयावर थोडे अधिक लिहिणे आवश्यक वाटते, कारण आपला भाग नद्यांचा आहे. भातसा काळूला मिळते, काळू उल्हासला मिळते आणि पुढे खाडी येते. रुंद्याचा पूल पाण्याखाली जाणे टिटवाळ्याच्या माणसाला नवीन नाही. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझ येथे २४ तासांत ९४४ मि.मी. पाऊस नोंदला गेला, म्हणजे कोकणातील वर्षभराच्या पावसाचा सुमारे एक तृतीयांश एका दिवसात. त्या वेळी मुंबई-ठाणे-कल्याण परिसरात असंख्य गाड्या पाण्यात गेल्या. जुलै २०१९ मध्ये उल्हासच्या पुराने वांगणीजवळ महालक्ष्मी एक्स्प्रेस अडकली होती हे सर्वांना आठवत असेल. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये सांगली-कोल्हापूर व २२ जुलै २०२१ रोजी चिपळूण पाण्याखाली गेले. पुरातली गाडी धुऊन, वाळवून, अत्तर मारून दूरच्या जिल्ह्यात विकली जाऊ शकते. एमएच-०८, ०९ किंवा १० क्रमांकाची गाडी ठाण्याच्या यार्डात दिसली म्हणजे ती पुरातलीच असे नव्हे, परंतु तपासणी अधिक बारकाईने करावी. उलट आपल्याच एमएच-०५ ची गाडी आहे म्हणून निर्धास्तही राहू नये.

पुराच्या पाण्याबरोबर गाळ येतो आणि गाळातले सूक्ष्म कण पाण्याच्या फवाऱ्याने निघत नाहीत. येथे शेतकऱ्याचा हात मेकॅनिकपेक्षा अधिक उपयोगी पडतो. मातीचा पोत पाहण्यासाठी आपण चिमूटभर माती ओली करून अंगठा व तर्जनी यांमध्ये चोळतो. हीच पद्धत वापरावी. चालकाच्या आसनाखालील रुळाच्या खोबणीतून, स्टेपनीच्या खड्ड्यातून, पुढच्या दिव्यांच्या मागील कोपऱ्यातून, डॅशबोर्डच्या खाली हात घालून तेथील माती काढावी. रस्त्याची धूळ खरखरीत लागते, तीत वाळूचे कण असतात. पुराचा गाळ पिठासारखा मऊ, ओला केला की चिकट व साबणासारखा बुळबुळीत लागतो आणि वाळला की पातळ खपल्या होऊन निघतो. मालवाहू गाडीच्या हौद्यात किंवा पायाशी शेतातली चिकण माती असणे स्वाभाविक आहे. पण तीच माती डॅशबोर्डच्या मागे, ब्लोअरच्या नळीत किंवा दिव्याच्या काचेच्या आत कशी गेली, हा प्रश्न स्वतःला विचारावा.

सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून बाहेर काढावा. गाडी धुणारा सहसा दिसणारा भागच स्वच्छ करतो, आत गुंडाळलेल्या पट्ट्यावर पाण्याची आडवी रेघ किंवा गढूळ डाग तसाच राहतो. आसनाचे बोल्ट, पेडलच्या वरच्या दांड्या, डॅशबोर्डखालचे स्क्रू यांवर गंज दिसल्यास तो पावसाच्या ओलाव्याचा नसून बुडाल्याचा समजावा, कारण या जागी एरवी पाणी जात नाही. पायाखालचे जाजम उचलून खालचा फोम दाबावा. दारे-खिडक्या बंद करून पाच मिनिटे आत बसावे. कुबट वास येतो की उग्र अत्तराचा, दोन्हीही वाईटच.

खाडीचे पाणी शिरलेली गाडी त्याहून धोक्याची. खार जमिनीत मीठ किती चिवट असते हे ठाण्याच्या किनारपट्टीवरील शेतकऱ्यास सांगावयास नको. जमिनीतले मीठ पावसाळ्यात धुऊन खाली जाते. तारांच्या जोडण्यांतले मीठ मात्र तसेच राहून हवेतला ओलावा ओढत राहते व तांबे खात राहते. फ्यूजची पेटी उघडून पाहावी. तांब्याच्या टोकांवर हिरवट व ॲल्युमिनियमच्या भागांवर पांढरी पूड दिसली तर गाडी सोडून द्यावी. आजच्या गाड्यांत इंजिन, ब्रेक, एअरबॅग हे सर्व इलेक्ट्रॉनिक पेट्यांच्या हुकमावर चालते. अशी गाडी आज सुरू होईल, सहा महिन्यांनी पहाटे चार वाजता माल भरल्यावर बंद पडेल, आणि दोष कोठे आहे ते सांगताना मेकॅनिकही डोके खाजवेल.

बुडालेल्या गाडीचे इंजिन त्याच वेळी सुरू करण्याचा प्रयत्न झाला असेल तर नुकसान मोठे असते. हवा दाबली जाते, पाणी दाबले जात नाही. सिलिंडरमध्ये पाणी असताना पिस्टन वर आला की कनेक्टिंग रॉड वाकतो. किंचित वाकलेला रॉड काही महिने चालतो व नंतर तुटतो. एअर फिल्टरचे झाकण काढून आतील कागद पाहावा. तो सुरकुतलेला, गढूळ किंवा डब्याच्या तळाशी गाळ असेल तर पाणी इंजिनाच्या तोंडापर्यंत आले होते.

सांगाडा, पाटे आणि टायर

पिकअपसारख्या गाडीचा सारा भार लोखंडी सांगाड्यावर, म्हणजे चासीवर असतो. गाडीखाली पोते अंथरून सरळ झोपावे, कपडे खराब होण्याचा विचार करू नये. चासीच्या दोन्ही लांब पट्ट्या मागून पुढे नजर लावून पाहाव्यात. वाक, नवीन वेल्डिंग, एकाच ठिकाणी ताजा काळा रंग ही अपघाताची किंवा तडा गेल्याची चिन्हे आहेत. वरवरचा तांबूस गंज कोकणात प्रत्येक गाडीला असतो, त्याला घाबरू नये. स्क्रू-ड्रायव्हरच्या मुठीने ठोकल्यावर पापुद्रे गळत असतील किंवा आवाज भदभद येत असेल तर लोखंड खाल्ले गेले आहे.

पूर्वी गाडीतून काय वाहून नेले जात होते हेही हौदा पाहून कळते. मासळीच्या गाडीत बर्फाचे खारट पाणी सतत ठिबकते, तर खतांच्या गाडीत सांडलेले दाणे दमट हवेत पाणी शोषून पत्रा खातात. हौद्याच्या फळीखालचा पत्रा व त्याखालील आडव्या पट्ट्या अवश्य पाहाव्यात. वरून नवीन चेकर्ड पत्रा ठोकलेला असेल तर खाली काय झाकले आहे ते विचारावे.

मागचे पाटे मोजावेत. कंपनीने दिलेल्या पाट्यांपेक्षा एक-दोन पाटे जास्त घातलेले असतील तर मालकाने गाडीवर सतत क्षमतेपेक्षा जास्त माल लादला होता, हे सांगावे लागत नाही. त्याचा परिणाम केवळ पाट्यांवर न होता क्लच, गिअरबॉक्स, मागचा ॲक्सल व ब्रेक या सर्वांवर होतो. खडी-रेतीच्या कामावरील गाडी भाजीच्या कामावरील गाडीपेक्षा दोनच वर्षे जुनी असली तरी आयुष्याने दुप्पट म्हातारी असते.

टायर हा गाडीचा बोलका भाग आहे. मधला भाग झिजला असेल तर हवा जास्त, दोन्ही कडा झिजल्या असतील तर हवा कमी किंवा ओझे जास्त, आणि पुढच्या टायरची एकच कड झिजली असेल तर चाकांची रेषा बिघडलेली किंवा पुढचा भाग ठोकर लागून वाकलेला असू शकतो. टायरच्या बाजूला लंबगोलात चार अंक कोरलेले असतात. उदाहरणार्थ '३२१९' म्हणजे २०१९ सालचा ३२ वा आठवडा. पाच-सहा वर्षे उन्हात उभ्या टायरची नक्षी शाबूत दिसली तरी रबराला बारीक भेगा पडलेल्या असतात, ते बदलावेच लागतात. नक्षीची खोली किमान १.६ मि.मी. असणे नियमानुसार बंधनकारक आहे.

मोटार घेत असल्यास फडक्यात गुंडाळलेले छोटे चुंबक दारे, मडगार्ड व खांबांवरून फिरवावे. पुट्टी जाड भरलेली असेल तेथे ते धरत नाही. सर्व काचांवरील कंपनीची खूण सारखी आहे का, बॉनेटच्या बोल्टवरील रंग खरवडला आहे का हेही पाहावे. एखादी काच किंवा दार बदललेले असणे म्हणजे गाडी टाकाऊ नव्हे, पण छपराला आधार देणारे खांब वेल्डिंग केलेले असतील तर ती घेऊ नये.

इंजिन सुरू करण्यापूर्वी व नंतर

यार्डात पोहोचताच सर्वप्रथम इंजिनावर हात ठेवावा. ते गार असले पाहिजे. अगोदरच गरम करून ठेवलेले इंजिन आपले दोष लपविते. ऑइलची पट्टी काढून पाहावी. काळे ऑइल डिझेल गाडीत स्वाभाविक आहे, परंतु ते दूध घातलेल्या चहासारखे दिसत असेल तर त्यात पाणी मिसळले आहे. कूलंटच्या टाकीत तेलाचा तवंग असेल तर हेड गॅस्केटचा दोष संभवतो. रेडिएटरचे झाकण इंजिन गार असतानाच उघडावे, गरम असताना उघडल्यास वाफेने हात-तोंड भाजते.

किल्ली फिरवून इंजिन सुरू न करता डॅशबोर्डवरील दिवे पाहावेत. इंजिन तपासणीचा पिवळा दिवा या वेळी लागला पाहिजे व इंजिन सुरू झाल्यावर विझला पाहिजे. तो मुळीच लागत नसेल तर दोष लपविण्यासाठी बंद केलेला असण्याची शक्यता असते. गॅरेजवाल्याकडे स्कॅनर असल्यास तो बरोबर न्यावा. दोषांचे संकेत नुकतेच पुसले असतील तर तेही बऱ्याच गाड्यांत स्कॅनरवर दिसते. बॅटरी उतरलेली असणे यार्डात नेहमीचे आहे, म्हणून जोड-वायरची सोय होईल का ते आदल्या दिवशीच विचारून ठेवावे. बॅटरीअभावी जी गाडी सुरू करून दाखविता येत नाही तिची बोली न चालणारे इंजिन गृहीत धरूनच लावावी.

सुरू झाल्यावर किमान १५ मिनिटे चालू ठेवावी. निळसर धूर ऑइल जळत असल्याचा, सतत काळा धूर इंधन किंवा हवेच्या बिघाडाचा. पांढरा धूर गार डिझेल इंजिनात थोडा वेळ येतो, पण इंजिन तापल्यावरही राहिला तर कूलंट आत जात आहे. १ एप्रिल २०२० नंतरच्या बीएस-६ डिझेल गाडीतून काळा धूर दिसूच नये. दिसला तर धूर गाळणारा फिल्टर बिघडला किंवा काढून टाकला आहे, आणि हा भाग महाग असतो. ऑइल भरण्याचे झाकण चालू इंजिनावर हळूच काढून पाहावे. तेथून आगगाडीसारखे फुसफुस धुराचे झोत येत असतील तर गॅरेजच्या भाषेत 'बॅक कॉम्प्रेशन' आहे, म्हणजे पिस्टन-रिंग झिजल्या आहेत. क्लच दाबून सर्व गिअर टाकून पाहावेत. यार्डात चार फूट पुढे-मागे घेण्याची परवानगी मागावी, ती पुष्कळदा मिळते.

मीटरवरील आकड्यावर विश्वास ठेवण्यापेक्षा हिशेब करावा. टिटवाळ्याहून वाशीच्या बाजारात जाऊन-येऊन सुमारे १०० कि.मी. होतात. वर्षात २५० फेऱ्या धरल्या तर २५,००० कि.मी., म्हणजे ५ वर्षांत सव्वा लाख. अशा कामावरील ५ वर्षांच्या टेम्पोचे मीटर ४८,००० दाखवीत असेल आणि पेडलचे रबर मात्र गुळगुळीत झाले असेल, तर आपण पेडलवर विश्वास ठेवावा.

गाडी सीएनजीची असेल तर आरसीमध्ये सीएनजीची नोंद आहे का व टाकीची दाब चाचणी केव्हा झाली होती ते टाकीवरील पट्टीवर पाहावे. ही चाचणी दर ३ वर्षांनी आवश्यक आहे. शेवटी उंदरांचा विचार करावा. भातखाचरांच्या कडेला असलेल्या यार्डात पावसाळाभर उभ्या गाडीत ते घर करतात आणि वायरी कुरतडतात. बॉनेटखाली लेंड्या व कापसाचे पुंजके दिसल्यास वायरिंगचा खर्च धरावा.

बोलीची कमाल मर्यादा

लिलावात राखीव किंमत कमी ठेवलेली असते व त्यामुळे स्वस्त मिळाल्याचा भास होतो. समजा तशीच, चांगल्या स्थितीतील गाडी बाजारात ४ लाख रुपयांना मिळते. तपासणीनंतर टायर व बॅटरीसाठी ३०,०००, क्लच-ब्रेक-ऑइल यांसाठी २५,०००, विमा, थकीत कर, चलन, योग्यता प्रमाणपत्र व हस्तांतरणासाठी ३०,००० आणि गाडी ओढून आणण्यासाठी ५,००० रुपये लागतील असा अंदाज निघाला. न दिसलेल्या दोषांसाठी किमतीच्या किमान १० टक्के, म्हणजे ४०,००० बाजूला धरावेत. एकूण १,३०,००० झाले. म्हणजे आपली कमाल बोली २,७०,००० रुपये, आणि लिलाव करणाऱ्याचे शुल्क, जीएसटी व यार्डभाडे वेगळे असेल तर तेही त्यातून वजा. हे आकडे उदाहरणादाखल आहेत, प्रत्येकाने आपले मांडावेत. मात्र हा आकडा घरीच कागदावर लिहून घरच्यांना दाखवून जावे. लिलावात शेजारच्याने पाच हजार वाढविले की आपणही वाढवितो, आणि मिरचीच्या हंगामाचे पैसे अर्ध्या मिनिटात जातात. ऑनलाइन लिलावात तर समोर माणूसही दिसत नाही, फक्त आकडा चढत जातो. बोली लागल्यावर माघार घेतली तर बयाणा रक्कम जप्त होते, तेव्हा बयाणा भरण्यापूर्वी उरलेली रक्कम किती दिवसांत भरावयाची ते पाहून पैशाची तजवीज करावी.

ओळखीचा गॅरेजवाला मिस्त्री मजुरी देऊन बरोबर न्यावा. पाचशे-हजार रुपये वाचविण्यासाठी एकट्याने जाऊ नये. मिस्त्रीला दुरुस्तीचा खर्च आपल्यापेक्षा चांगला कळतो, परंतु तोच पुढे दुरुस्ती करणार असेल तर त्याचा उत्साह थोडा पारखून घ्यावा.

ताबा घेताना

पाहणीच्या दिवशी गाडीचे सर्व बाजूंनी, इंजिनाचे, मीटरचे, पाचही टायरचे व बॅटरीचे फोटो काढून ठेवावेत. पाहणी व ताबा यांत पंधरा दिवस ते महिना जातो. तेवढ्यात चांगली स्टेपनी जाऊन गुळगुळीत येते, बॅटरी बदलते, जॅक नाहीसा होतो. फोटो दाखविला तर बोलता येते.

कागदांत विक्रीपत्र, पैसे भरल्याची पावती, ताबा पत्र, हस्तांतरणाचे नमुना २९ व ३०, कर्जबोजा उतरविण्याचा नमुना ३५ आणि संस्थेचे ना-हरकत पत्र घ्यावे. मूळ मालकाने आरसी परत दिली नसेल तर वित्तीय संस्थेला नमुना ३६ द्वारे आपल्या नावे नवीन आरसी काढावी लागते व त्यासाठी परिवहन कार्यालय मूळ मालकाला म्हणणे मांडण्याची संधी देते. यात वेळ जातो. हे काम संस्था करणार की आपण, किती दिवसांत, हे लेखी घ्यावे. हस्तांतरणाचा अर्ज ३० दिवसांत करावयाचा असतो. दुसऱ्या राज्यातील गाडी असल्यास नमुना २८ मधील ना-हरकत प्रमाणपत्र व आपल्याकडील कर हा आणखी एक खर्च येतो, म्हणून नवख्या माणसाने महाराष्ट्रातील नोंदणीचीच गाडी पाहावी.

जुन्या विम्याची मुदत बहुधा संपलेली असते. निदान तृतीय पक्षाचा विमा घेतल्याशिवाय गाडी यार्डाबाहेर चालवू नये. योग्यता प्रमाणपत्र संपले असेल तर ती चालवत न आणता ओढून किंवा दुसऱ्या वाहनावर चढवून आणावी. गाडी घरी येण्यापूर्वी महागणपतीच्या देवळासमोर नेऊन हार घालण्याची आपल्याकडील रीत आहे, ती जरूर पाळावी, मात्र तेथपर्यंतही विमा काढूनच जावे.

घरी आणल्यावर मालाची पहिली फेरी करण्यापूर्वी इंजिन ऑइल व त्याचा फिल्टर, डिझेल फिल्टर, एअर फिल्टर, कूलंट आणि ब्रेक ऑइल एकदम बदलून घ्यावे. बरेच दिवस उभ्या गाडीच्या डिझेल टाकीत पाणी व गंज साठतो, म्हणून टाकी खालून मोकळी करून घ्यावी. पहिले पंधरा दिवस निम्माच माल भरून कल्याणच्या बाजार समितीपर्यंतच्या जवळच्या फेऱ्या कराव्यात व प्रत्येक फेरीनंतर जमिनीवर तेलाचा डाग पडतो का, पाण्याची पातळी उतरते का ते पाहावे. भेंडीची पहिली तोडणी सुरू होण्यापूर्वी हे पंधरा दिवस मिळतील अशा बेताने, म्हणजे दिवाळीच्या आसपास खरेदी पूर्ण करावी. त्या वेळी पावसाळा नुकताच संपलेला असल्याने पावसात उभ्या राहिलेल्या गाडीचे गळके छत व ओली जाजमेही पाहणीत आपोआप उघडी पडतात.